बेड म्हणजे नको

माणसाच्या आयुष्यात एक तरी निष्ठा अशी असावी, की जिच्यासाठी त्यानं साऱ्या जगाशी वैर पत्करावं. आमच्या बेळगावच्या वडगावातल्या परशूआप्पांनी असं वैर कित्येक वर्षांपासून पत्करलेलं आहे, आणि तेही सिनेमातल्या एका थोट्या यंत्रमानवासाठी. जगाला याची अजून कल्पना नाही. गल्लीला आहे.

परशूआप्पा माझे शेजारी. घराच्या मागल्या अंगाला त्यांचे पॉवरलूमचे माग, पुढल्या खोलीत साड्यांचे गठ्ठे, आणि मधल्या सोप्यात थोरले भाऊ दत्ताअण्णा. अण्णांचे डोळे साखरेनं गेले. आता ते भिंतीला टेकून बोटांच्या अंदाजानं सुताच्या कांड्या भरत बसतात आणि मागांच्या खडखडाटातून येणारा आप्पांचा आरडाओरडा ऐकतात. आप्पांचा आवाज मागांच्या वर जातो. पन्नाशी उलटली तरी तो उतरलेला नाही.

मी शेजारी राहायला आलो त्या आठवड्यातच आप्पा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. माझी पुस्तकांची खोकी बघून त्यांनी मी मास्तर असल्याचं ओळखलं होतं.

"सर, जहाज बघितलायसा काय?"

आकाशात भरकटलेल्या एका जहाजाची ही इंग्रजी चित्रपटमाला. तिचं मूळ नाव लांबलचक आहे आणि गल्लीत कोणालाच ते धड म्हणता येत नाही, म्हणून सगळे तिला 'जहाज' म्हणतात. पहिलं जहाज, दुसरं जहाज, असा हिशेब. मी पडलो नवखा. तिसरं जहाज बघितलंय, बरं वाटलं, असं सांगून बसलो.

आप्पांनी माझ्याकडे, कुजलेल्या सुताकडे बघावं तसं बघितलं. "दुसऱ्यापास्नंच नासलं ते," म्हणाले आणि गेले. पुढं बरेच दिवस आमचा संबंध फक्त पाण्याच्या नळापुरता होता.

त्यांचा राग समजून घ्यायला पहिलं जहाज माहीत असावं लागतं. मला ते आप्पांनी इतक्यांदा सांगितलंय की मी ते झोपेतही सांगीन. जहाजाच्या इंजिनघरात आग लागते. आतलं दार कोणीतरी आत जाऊनच बंद करायला हवं. जहाजावर एका हातानं थोटा असा एक यंत्रमानव आहे, त्याचं नाव बेड. तो आत जातो. बाहेर काचेला तळहात लावून कॅप्टन उभा असतो आणि म्हणत राहतो, "बेड… बेड…" आग भडकते. दार बंद होतं. जहाज वाचतं.

"आता बेड म्हंजे काय, सर?" आप्पा इथं थांबून विचारतात.

कन्नडमध्ये बेड म्हणजे नको. बेळगावात हे सांगावं लागत नाही. बाजारात भाजीवाली जास्तीची मेथी पिशवीत कोंबायला लागली की मराठी माणूसही बेड म्हणतो.

"नाव बी बेड आणि अर्थ बी बेड. कॅप्टन त्याला हाक मारूलालाय आणि नको बी म्हणूलालाय. एका शब्दात दोन्ही. असं लिहिणारा माणूस आता जलमणार न्हाय. आणि तो गेला ते कुणी पाठवलं म्हणून न्हाय. कॅप्टन शेवटपतोर नको म्हणत हुता. तो आपल्या मनानं गेला."

अमेरिकेत बसलेल्या लेखकानं कन्नडमध्ये कोटी का केली असावी, हा प्रश्न मी एकदा विचारला. आप्पा म्हणाले, "मोठी माणसं. त्यास्नी सगळं येतंय."

हा अर्थ आप्पांना सांगितला होता दत्ताअण्णांनी. आप्पा लहान असताना अण्णा त्यांना कॅम्पातल्या थिएटरात घेऊन गेले होते. अण्णांना इंग्रजी येतं असं सगळी गल्ली मानते. मच्छे गावच्या कारखान्यात असताना ते साहेबाशी इंग्रजीत बोलत. सगळा सिनेमा त्यांनी आप्पांच्या कानात मराठीत सांगितला. ते थिएटर आता नाही. तिथं मोटारींचं दुकान आहे. आप्पा त्या रस्त्यानं जात नाहीत.

पहिल्यानंतरच्या प्रत्येक जहाजानं आप्पांचा छळ केला आहे. दुसऱ्यात कॅप्टननं लग्न केलं. "कशाला? एवढं दुःख झालेला माणूस लग्न करील?" आप्पांनी स्वतः पहिली बायको वारल्यावर वर्षाच्या आत दुसरं केलं होतं, हे शांताक्कांनी आतून सांगितलं, कारण ती दुसरी त्याच. तिसऱ्यात एक विनोदी प्राणी आला. चौथ्यात जहाजाचा रंग बदलला. पाचव्यात बेडचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. त्या दिवशी आप्पांनी सगळे माग बंद ठेवले. कामगारांना वाटलं कोणी गेलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. मागाला अशी सोय असते की सूत तुटलं की तो आपोआप थांबतो. "धागा तुटला तर माझा माग थांबतोय, सर. अडाणी लोखंड हाय ते, पर त्याला कळतंय. ह्यास्नी कळंना. धागा तुटून वीस वर्सं झाली, ह्यांचं आपलं खडाक-खडाक चालूच."

एवढ्या शिव्या देऊनही प्रत्येक जहाज ते दोनदा बघतात. एकदा एकटे, आणि मग अण्णांना घेऊन.

"न आवडलेलं जेवण कोण दोनदा वाढून घेतंय काय ओ?" शांताक्का मला विचारत. "आणि भाऊजींच्या डोळ्याला काय दिसतंय म्हणून त्यास्नी बरोबर न्यायचं?"

"एसीत बसंल की. हवा खाईल," आप्पा म्हणत.

"हवा गच्चीवर फुकट हाय."

याखेरीज त्यांचा आणखी एक हट्ट. जहाज इंग्रजीतच बघायचं. आप्पांना इंग्रजी येत नाही. पण हिंदीत किंवा कन्नडमध्ये बोलणारं जहाज ते मानत नाहीत. सहावं जहाज बेळगावात इंग्रजीत लागलंच नाही. निपाणीला लागलंय असं कोणीतरी सांगितलं, तर आप्पांनी गाडी ठरवली, अण्णांना मागं बसवलं, रिकामी सीट होती म्हणून मलाही घेतलं. वाटेत अण्णा खुशीत होते. "परशा, ह्यात बेड परत येतोय काय रं?" असं दोनदा विचारून झालं. निपाणीच्या थिएटरवर पाटी होती: हिंदीमध्ये. आप्पांनी मॅनेजरला बाहेर बोलावून त्याच्या सात पिढ्यांचा हिंदी उद्धार केला आणि आम्ही पायरीवरूनच परत फिरलो. माझ्या मते हिंदी आम्हा तिघांनाही उत्तम समजत होतं. मी तसं म्हणालो.

"म्हणूनच," आप्पा चिडून म्हणाले. मी हा त्यांचा तऱ्हेवाईकपणा म्हणून सोडून दिला.

त्या दिवसापासून सहावं जहाज रद्द झालं. "सहावं झालंच न्हाय," असा निकाल त्यांनी दिला, आणि जगाच्या हिशेबानं जे सातवं येणार होतं, त्याला आमच्या गल्लीत सहावं म्हणणं भाग पडलं.

ते येणार अशी बातमी आली तेव्हा गावातल्या जहाजप्रेमी तरुणांनी टिळकवाडीत एका हॉलमध्ये परिसंवाद ठेवला. फलकावर विषय होता, 'बदलती कथा, बदलता रसिक'. प्रमुख पाहुण्यांना शाल, नारळ आणि जहाजाची थर्माकोलची प्रतिकृती देण्यात आली. पाहुणे सुरेख बोलले. प्रत्येक पिढी आपली कथा नव्यानं घडवत असते, परिवर्तन हा कलेचा श्वास आहे, वगैरे. त्यांनी एकही जहाज बघितलं नसावं अशी मला शंका येत होती, पण तेवढ्यावरून कोणाचं भाषण अडत नाही.

प्रश्नोत्तरांत आप्पा उभे राहिले. धोतराचा सोगा हातात, पावडरीसारखी सुताची धूळ केसात.

"नव्या जहाजात कॅप्टननंच बेडला आगीत पाठवलं असं दाखवणार म्हणत्यात. हे खरं काय?"

पाहुणे हसले. "पाहा, सत्य हे नेहमी सापेक्ष असतं—"

"मी सत्य इचारलं न्हाय. पाठवलं का न्हाय ते सांगा."

"बेड म्हणजे नेमकं कोण?" पाहुण्यांनी अध्यक्षांना हळूच विचारलं. माइक चालू होता.

त्यानंतर आप्पा जे बोलले त्यातलं थोडंच छापण्यासारखं आहे. "ज्याला बेड ठावं न्हाय त्यानं श्वास कशाला घ्यायचा?" हे त्यातलं सौम्य. तरुणांनी त्यांना धरून बाहेर आणलं. बाहेरही ते थांबेनात. कथा नव्यानं घडवायला ती काय ह्यांच्या बापाची हाय काय, माझ्या अण्णानं सांगितलेली कथा हाय, असं म्हणत ते रिक्षात बसले.

मला त्या वाक्यानं गप्प बसू दिलं नाही. घरी येऊन मी मुलीच्या लॅपटॉपवर पहिलं जहाज लावलं, खाली इंग्रजी अक्षरं उमटतील असं करून. आगीचा प्रसंग आला. काचेला तळहात लावून कॅप्टन उभा होता. यंत्रमानवाचं नाव होतं बीटा. अमेरिकन तोंडातून त्याचं 'बेडा' होत होतं, म्हणजे कानाला हुबेहूब 'बेड'. आणि कॅप्टन म्हणत होता: बीटा, आत जा. बीटा, दार बंद कर. बीटा, हा हुकूम आहे.

म्हणजे ज्या बदलाविरुद्ध आप्पा लढत होते तो बदल कोणी केलाच नव्हता. कथा पहिल्यापासून तशीच होती.

मास्तरकीची खोड वाईट. दुसऱ्या दिवशी मी सोप्यात बसून आप्पांना हे समजावून सांगितलं. नाव बीटा आहे, ग्रीक अक्षर आहे, खाली सगळं लिहून येतं. आप्पांचा चेहरा लाल होत गेला. भिंतीपाशी अण्णांच्या बोटांत फिरणारी कांडी थांबली होती.

"तुम्ही वाचत हुता, सर," आप्पा म्हणाले. "आम्ही ऐकत हुतो. जावा आता."

मी उठलो. मी पायरी उतरलो तेव्हा कांडी पुन्हा फिरायला लागली.

नवं जहाज लागलं. बेळगावच्या मल्टिप्लेक्समध्ये त्याचे हिंदी खेळ, कन्नड खेळ, आणि सकाळी एकच इंग्रजी खेळ. आप्पा पहिल्या दिवशी एकटे जाऊन आले. घरी येऊन जेवले नाहीत. शांताक्कांनी विचारलं तर म्हणाले, "केलं. जे करायचं हुतं ते केलं त्यांनी." आणि अण्णांना सांगितलं, "रविवारी जाऊया. लई गर्दी हाय."

गर्दी नव्हती. इंग्रजी खेळाला इतकी नव्हती की शनिवारी तो काढून टाकल्याची बातमी आली. मी बाजारातून येत होतो, तर मल्टिप्लेक्सच्या दारात लोक जमलेले आणि आत आप्पांचा आवाज.

"भाषा बदलायची न्हाय! आमच्यावर दुसरी भाषा लादायची न्हाय!"

बेळगावात असं वाक्य मोठ्यानं बोललं की त्याचे परिणाम ठरलेले आहेत. दोन्ही बाजूंची माणसं गोळा झाली. एकानं मराठीच्या नावानं घोषणा दिली, दुसऱ्यानं कन्नडच्या. एक पोलीस शिट्टी वाजवत आत शिरला. त्यानं आप्पांचा दंड धरून विचारलं, "ए यजमान, कुठली बाजू? कन्नडा का मराठी?"

"इंग्लिश," आप्पा म्हणाले.

पोलिसानं दंड सोडला. टोपी काढून डोकं खाजवलं. घोषणा देणारे एकमेकांकडे बघायला लागले. सीमाभागात इतकी वर्षं आंदोलनं झाली, पण हा पक्ष कोणाच्याच ओळखीचा नव्हता. हळूहळू सगळे पांगले.

मॅनेजर तरुण होता, कंटाळलेला होता. "आप्पा, इंग्लिश शोला कोण येत नाहीत ओ. हिंदीत बघा की. स्टोरी सेम असतंय."

"तेच नको हाय."

"मग उद्या एक दिवस ठेवतो. तुमच्या एकट्यासाठी."

"एकट्यासाठी न्हाय," आप्पा म्हणाले. "दोघांसाठी."

रविवारी सकाळी मीही गेलो. ज्या खेळासाठी माणूस पोलिसाच्या हाती लागता लागता वाचतो तो असतो तरी कसा, हे बघायचं होतं. आत मोजकीच डोकी. आप्पा आणि अण्णा मधल्या रांगेत बसले होते. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तोंड बरोबर पडद्याकडे होतं. मी त्यांच्या मागच्या रांगेत अंधारात सरकलो.

सिनेमा सुरू झाला तसे आप्पा अण्णांच्या कानाशी झुकले आणि बोलायला लागले. पडद्यावरचा गोंगाट कमी झाला की मधूनमधून मला ऐकू येई.

"कॅप्टन म्हातारा झालाय. केस पिकल्यात. भिंतीवर बेडचा फोटू लावलाय, हार घाटलाय."

पडद्यावर कॅप्टन जहाज भंगारात विकायची बोलणी करत होता.

"बायको?" अण्णांनी विचारलं.

"बायको न्हाय. लग्नच केलं न्हाय तेनं."

बायको पडद्यावर समोर उभी राहून भांडत होती. त्यातच विनोदी प्राणी आला, गेला, आप्पांनी त्याला प्रवेशच दिला नाही. तरुण पोरं टाळ्या वाजवत होती तेव्हा आप्पा अण्णांना सांगत होते की जहाजाचा रंग परत पहिल्यासारखा केलाय, म्हणून लोक खूश आहेत. मागच्या रांगेत बसून मला निपाणीची पायरी आठवली. हिंदीत असतं तर अण्णांना सगळं समजलं असतं. इंग्रजीत समजत नाही, हे आप्पांना केव्हाच कळलेलं होतं तर.

मग आगीचा जुना प्रसंग आला, नव्यानं चित्रित केलेला. तरुण कॅप्टन काचेपाशी उभा राहिला. आता त्याचे उच्चार स्वच्छ होते. तो 'गो' म्हणणार हे मला कळलं, आणि 'गो' तर अण्णांनाही कळलं असतं. नेमक्या त्या क्षणाला आप्पांना खोकला आला. असा खोकला मी आयुष्यात ऐकला नाही. पुढच्या रांगेतला मुलगा वळून म्हणाला, "अंकल, पाणी देऊ काय?" आप्पांनी खोकता खोकताच त्याला हातानं गप्प केलं. हुकूम देऊन संपला, दार बंद झालं, आणि खोकला थांबला.

"काय झालं रं?" अण्णा म्हणाले.

"काय न्हाय. आग दाखवली. तीच."

शेवटी जहाज भंगारात निघालं. नावं वर सरकली, दिवे लागले, लोक उठले. अण्णाही काठी चाचपायला लागले.

"थांब अण्णा, अजून हाय," आप्पा म्हणाले. "आता तर खरं हाय. दार उघडलंय. आतनं बेड यायलालाय. काळाकुट्ट झालाय, पर चालतोय. हात बी गेलाय."

"उरलेला बी गेला?"

"न्हाय न्हाय. एक हाय. एक हाय."

"मग कॅप्टन काय म्हणतोय?"

आप्पा आणखी जवळ झुकले. "बेड म्हणतोय. आता कुठं जाऊ नको म्हणतोय."

अण्णांनी मान हलवली. पडद्यावर तेव्हा काहीच नव्हतं. झाडूवाली बाई खुर्च्यांखालच्या लाह्या गोळा करत होती, आणि ती या दोघांच्या पायांशी येऊन उगीच थांबून राहिली होती.

बाहेर आप्पांनी मला बघितलं. आधी दचकले, मग सवयीनं चिडले. "तुम्ही कवा आलासा? बरं, आलासा तर अण्णाचा हात धरा. रिक्षा बघतो."

ते रस्त्याकडे गेल्यावर अण्णांनी माझा हात दाबला.

"सर, तुम्ही त्या दिवशी बीटा म्हणालासा ते खरं असंल. मला कुठलं ओ इंग्रजी? साहेब हाक मारायचा, मी 'यस सर' म्हणायचो. पयल्या जहाजाला परशा एवढासा हुता. त्या यंत्राला आगीत घाटलं तसं भोकाड पसरलं तेनं. लोक मागं बघाय लागले. तवर तो गोरा बेड बेड म्हणाला. म्हटलं, बघ रं, नको म्हणालाय. तसा गप झाला."

"मग आप्पांना सांगितलं का नाही कधी?"

"कशाला?" अण्णा म्हणाले. "आणि आता तो सांगतोय, मी ऐकतोय. खरं सांगू काय, निम्मं ऐकूच येत न्हाय. आतला आवाज लई मोठा असतोय आणि माझं कान बी गेल्यात. मी आपला व्हय व्हय म्हणतोय. शेवटी लाइट लागल्यावर सांगतोय तेवढं ऐकू येतंय."

रिक्षा आली. आप्पांनी अण्णांचं डोकं वर लागू नये म्हणून टपाखाली हात धरला, त्यांना आत बसवलं, आणि रिक्षा सुटता सुटता बाहेर वाकून माझ्यावर ओरडले, "भिकार पिच्चर, सर. झालंच न्हाय हे."

त्यामुळे पुढचं जहाज येईल तेव्हा आमच्या गल्लीत तेही सहावंच असेल.